मुंबईची फर्म सोडून जळगावात वकिली: जमेल का, परवडेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्मच्या लिटिगेशन टीममध्ये साडेसात वर्षं झालीत. गाव चोपडा, वडील सत्तरीला आलेत. जळगावातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी बोलावलंय. त्यांचं चार जणांचं ऑफिस आहे, महिन्याला ठरावीक रक्कम देतो म्हणतात, शिवाय स्वतःची कामं करायची मुभा. तुम्ही विचारता: हे मागे जाणं तर नाही ना? पैशाचं कसं बसवायचं? परत यावंसं वाटलं तर दार उघडं राहील का? आणि शेवटी, चोपड्याहून रोज ये-जा केली तर चालेल का?

मी स्वतः २०१२ मध्ये हाच प्रवास केला. मुंबईत सहा वर्षं फर्ममध्ये होते, माहेर भुसावळ, आता जळगाव जिल्हा न्यायालयात आणि महिन्यातून दोन-तीनदा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात काम करते. (शहराचं नाव बदललं, वकील मंडळींत बोलताना अजून औरंगाबादच येतं.) त्यामुळे सल्ला अनुभवातला आहे, पण अनुभव एकीचाच आहे. तुमची फर्म कशी, ते ज्येष्ठ वकील कसे, घरी कर्ज किती, जोडीदाराची नोकरी कुठे, यावर निम्मं उत्तर ठरेल आणि ते मला माहीत नाही. उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र बोलता येईल.

तुम्ही मोठं की लहान, पुढे की मागे, असा विचार करताय. मी त्याऐवजी एक प्रश्न विचारते. साडेसात वर्षांत तुम्ही स्वतः किती साक्षीदारांची उलटतपासणी घेतली? खरं उत्तर शून्य ते तीन यांच्या मध्ये असणार. माझं शून्य होतं. फर्ममध्ये मी काउन्सेलच्या, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाच्या, मागच्या खुर्चीवर बसून कागदपत्रांच्या कम्पायलेशनची पानं पुढे सरकवायचे, आणि त्यात मी पटाईत होते. कागद कसा मांडायचा, तारखांचा क्रम कसा लावायचा, कॉन्फरन्सच्या आदल्या रात्री दोन वाजता शहात्तर पानांची नोट कशी संपवायची, हे सगळं यायचं. माणूस पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्याच्याकडून काय काढायचं आणि काय काढायचं नाही, हे येत नव्हतं. जिल्हा कोर्टातली वकिली मुख्यतः ती आहे. त्यामुळे हा बदल मोठ्या दुकानातून लहान दुकानात जाण्यासारखा नाही, धंदाच वेगळा आहे. कापड तेच, पण तिथे तुम्ही विणायचे, इथे शिवायचं आहे. ते शिवणं शिकायची तुमची तयारी आहे का, एवढंच आधी ठरवा. बाकीचं नंतर.

माझ्या पहिल्या महिन्यातली फजिती सांगते. एका बाईचा वाटपाचा दावा होता, वडिलोपार्जित शेतीत भावांकडून हिस्सा मागणारा. मी मुंबईच्या शिस्तीत दावा तयार केला, मूल्यांकन केलं, कोर्ट फीचा हिशेब दोनदा तपासला आणि पक्षकार बाईंना रक्कम आणायला सांगितली. त्यांनी कुणाकडून तरी उसने घेऊन आणलेही. आमच्या ऑफिसचे कारकून, नाना, स्टॅम्प आणायला निघाले आणि दारातून परत फिरले. म्हणाले, ‘मॅडम, बाईच्या मालमत्तेच्या दाव्याला फी कुठे लागते?’ महाराष्ट्र सरकारची १९९४ची अधिसूचना आहे, स्त्री पक्षकाराला अशा दाव्यांत कोर्ट फी माफ आहे. मला मुंबईत सहा वर्षांत त्याची एकदाही गरज पडली नव्हती. नानांना ती तोंडपाठ होती. त्या दिवसापासून नाना सांगतील ते मी आधी ऐकते, मग पुस्तक उघडते.

असंच ‘निशाणी पाच’. महाराष्ट्रात तालुका कोर्टापासून जिल्हा कोर्टापर्यंत कुणालाही विचारा, निशाणी पाच म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मुंबईत आपण ‘इंटरिम रिलीफ’ म्हणतो आणि ते मिळालं की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. इथे निशाणी पाचवर हुकूम झाला की समोरचा जिल्हा न्यायालयात किरकोळ अपील करतो, त्यावर पुन्हा कुणीतरी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली खंडपीठात रिट घेऊन जातो, आणि तोवर दावा निशाणी पाचवरच झोपलेला असतो. पक्षकाराला वाटतं वकील झोपलाय. पुरसीस (पक्षकाराचं छोटं लेखी निवेदन), कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), सरतपास (आपल्याच साक्षीदाराची पहिली साक्ष), दरखास्त (हुकूमनामा अमलात आणायचा अर्ज), रोजनामा (प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद) हे शब्द तुमच्या तोंडी बसायला दोनेक महिने लागतील. कामकाज मराठीत चालतं, १९९८ पासून तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजी निवाडे चालतात, इंग्रजी युक्तिवादही काही न्यायाधीश ऐकून घेतात, पण सरतपासाचं प्रतिज्ञापत्र मराठीतच लिहावं लागतं. आणि ते ‘सदरहू मिळकत’, ‘येणेप्रमाणे’, ‘उपरोक्त’ अशा मराठीत लिहिलं की समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो: ‘हे तुम्हाला वाचून दाखवलं का? यातला अमुक शब्द सांगा बरं काय?’ साक्षीदार गप्प. तुमच्या पक्षकाराला कळेल अशा मराठीत प्रतिज्ञापत्र लिहिता येणं, हे मी इथे शिकलेलं सगळ्यात कठीण ड्राफ्टिंग आहे.

मी हरलेली एक साक्ष सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. अमळनेरच्या कोर्टात माझा वादी होता, पंचाहत्तरीचे आप्पा. गट नंबर पूर्ण आमच्या ताब्यात आहे, धाकट्या भावाला तिथे पाय ठेवू देऊ नये, असा मनाईचा दावा. सातबारा आप्पांच्या नावावर, पीकपाहणीही त्यांचीच. समोर अमळनेरचेच एक जुने वकील. त्यांनी जाडजूड फाईल उघडलीच नाही. टेबलाला टेकून, घरच्या ओट्यावर बसल्यासारखं, अहिराणीत विचारलं: ‘आप्पा, बठं वावर तुम्हीच करतस का?’ आप्पा म्हणाले, ‘बठं नही, धाकला बी करस.’ मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले, घरात मराठी, बाहेर हिंदी, अहिराणी नुसती कानावरून गेलेली. ‘बठं’ म्हणजे मला वाटलं बसून, काहीतरी वयाबद्दल बोलतायत, गुडघे दुखतात वगैरे. न्यायाधीशांनी वकिलांना अर्थ विचारून टिपून घेतलं: ‘संपूर्ण शेत मी कसत नाही, धाकटा भाऊही कसतो.’ बठं म्हणजे सगळं. पूर्ण ताब्याचा माझा दावा एका शब्दात संपला होता आणि मी हरकत घ्यायलाही उभी राहिले नव्हते. अर्थात घेऊन उपयोगही नव्हता, आप्पा खरंच बोलले होते. चूक साक्षीच्या खूप आधीची होती. मी आप्पांना ऑफिसात बसवून कागद विचारले, वावरावर जाऊन बघितलं नाही. गेले असते तर विहिरीच्या अलीकडे धाकट्याची कपाशी दिसली असती आणि दावा मनाईचा न लावता वाटपाचा लावला असता.

तुम्ही चोपड्याचे, तुम्हाला अहिराणी येत असेल तर ही तुमची मोठी पुंजी आहे. फर्मच्या बायोडेटात ती कधी लिहिली नसेल.

मुंबईची साडेसात वर्षं इथे वाया जातात का? मुळीच नाही, फक्त ती कुठे लागू पडतात हे तुम्हाला शोधावं लागेल. सगळ्यात ठळक उदाहरण महामार्गाचं. जुना राष्ट्रीय महामार्ग सहा, आता त्रेपन्न, चौपदरी होताना जळगाव-धुळ्याच्या शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात मोबदला मान्य नसेल तर लवाद असतो, आणि लवादाचा निवाडा मान्य नसेल तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात यावं लागतं. म्हणजे तुम्ही मुंबईत ज्या कलमावर बहुधा बांधकाम कंपन्यांसाठी रात्री जागवल्या, तेच कलम इथे केळीच्या बागवाल्याच्या हातात असतं. तीन महिन्यांची मुदत आणि वर फार तर तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही, हे इथल्या कित्येकांना उशिरा कळतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तरसेम सिंग प्रकरणात सांगितलं की महामार्गाच्या संपादनातही दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा भरपाई) आणि व्याज द्यावं लागेल. २०२१ मध्ये हकीम प्रकरणात सांगितलं की कलम ३४ खाली निवाडा रद्द करता येतो, बदलून वाढवता येत नाही. मग एप्रिल २०२५ मध्ये घटनापीठाने बालसामी प्रकरणात मर्यादित बदलाची वाट उघडली. हे तीन निवाडे एकत्र वाचून एका शेतकऱ्याच्या कामाला लावता येणारा माणूस जिल्ह्यात दुर्मीळ आहे. तुम्ही तो असू शकता.

वाणिज्य न्यायालयांचंही तसंच. २०१८ पासून तीन लाखांवरचे व्यापारी वाद त्यांच्याकडे जातात, आधी मध्यस्थी करावी लागते, आणि कैफियतीला एकशेवीस दिवसांची भिंत आहे. साध्या दाव्यात कैफियत उशिरा आली तर दंड भरून घेतली जाते, त्याच सवयीने इथे वागणारा वकील एकशेएकविसाव्या दिवशी पक्षकाराचं नुकसान करून बसतो. तुमची मुदती पाळायची सवय इथे खरंच पैसे मिळवून देईल.

केळीचं सांगायलाच हवं. रावेर-यावलचा माल उत्तरेत जातो, व्यापाऱ्याचा चेक परत येतो. बँकेचं कळवणं आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवस वाट, मग एका महिन्यात फिर्याद, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ज्याच्या खात्यात चेक टाकला त्याच्या बँकेच्या शाखेच्या जागी फिर्याद. म्हणजे रावेरच्या शेतकऱ्याला दिल्लीला जायची गरज नाही. कायदा सोपा. अवघड हे की त्याच व्यापाऱ्याला पुढच्या हंगामात पुन्हा माल विकायचाय. त्यामुळे निम्मी कामं नोटिशीनंतर फोनवर मिटतात, आणि मिटवणारा वकील मोठा मानला जातो. मुंबईत मिटवण्याची फी वेगळी असते, इथे ती मागताना तुम्हाला संकोच वाटेल. मागा.

आणि मग घरातली भांडणं. २०२० मध्ये विनीता शर्मा निवाडा आला, मुलीला जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा, २००५ ला कायदा बदलला तेव्हा वडील हयात असोत वा नसोत. त्यानंतर आमच्या ऑफिसात बहिणींची रीघ लागली. त्यातल्या निम्म्यांनी कधीतरी हक्कसोडपत्रावर सही केलेली, ‘भाऊबीजेला बोलावणार नाही’ म्हणून. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप झालंय का, हक्कसोड कधीचं, फेरफार (सरकारी दप्तरातल्या नावाचा बदल) कुणाच्या नोटिशीवर झाला, तलाठ्याकडची नक्कल आणि मूळ नोंद जुळते का, गट क्रमांक पडला तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरचा कुठला तुकडा कुणाकडे गेला: या कामात दिवस जातात. ते भूमी अभिलेखच्या ऑफिसात चकरा मारून होतं, लॅपटॉपवर होत नाही. फेरफार म्हणजे मालकी नाही, हे सगळ्या वकिलांना पाठ असतं. पण फेरफाराच्या नोंदीत कुणाची सही आहे आणि कुणाची नाही, यावरच अनेक दावे फिरतात.

आणि दावा जिंकल्यावर काय? वाटपाचा हुकूमनामा महसूल भरणाऱ्या जमिनीचा असेल तर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदार, मग मोजणी, मग हरकती. दरखास्त म्हणजे दुसरा दावाच. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी. तो निवाडा मी अर्जाला जोडते, न्यायाधीश मान हलवतात, पुढची तारीख पडते. इथे लागणारा धीर फर्ममध्ये कुणी शिकवत नाही.

आता पैसे. आकडे प्रत्येकाचे वेगळे, म्हणून फक्त माझे सांगते: पहिल्या वर्षी मुंबईच्या चौथाईपेक्षा कमी पडले, चौथ्या वर्षी निम्म्यावर आले, आणि नंतर मुंबईशी तुलना करणं मी सोडून दिलं, कारण खर्चही निम्म्याहून कमी होता. पण रकमेपेक्षा तिचं वेळापत्रक बिघडवतं. फर्मचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला यायचा. इथल्या शेतकरी पक्षकाराची फी कापूस विकला की येते, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत. जूनमध्ये बियाणं-खताला पैसे लागतात, तेव्हा फी मागणं माणुसकीला धरून नाही, आणि मागून मिळतही नाही. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना सुट्टी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणसं भेटायला येतात ती आंबे घेऊन. म्हणून माझं मत असं की हातात किमान दीड वर्षाचा घरखर्च असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. गृहकर्ज मुंबईच्या फ्लॅटचं असेल तर तो फ्लॅट भाड्याने जातो का, ते आधी बघा.

फीबद्दल एक इशारा. अपघाताच्या दाव्यात आणि भूसंपादनात ‘मिळेल त्यातले अमुक टक्के’ अशी बोली इथे सर्रास चालते. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला बंदी आहे. सगळेच करतात म्हणून तुम्हीही करायला जाल, आणि रक्कम मोठी आली की तोच पक्षकार भावाला घेऊन तक्रार करायला जाईल. टप्प्याटप्प्याने ठरवा: दावा दाखल करताना इतके, निशाणी पाचला इतके, साक्षीला इतके. आणि पावती द्या. पावती देणारा वकील म्हणून माझी थोडी चेष्टा झाली, पण व्यापारी पक्षकार त्यामुळेच टिकले.

आता त्या ज्येष्ठ वकिलांबद्दल, कारण माझ्या मते तुमचा निर्णय शहरापेक्षा त्यांच्यावर जास्त ठरणार आहे. जळगाव चांगलं की वाईट, हा प्रश्नच नाही. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये आमदार होण्याआधी याच जिल्हा कोर्टात वकिली करत होत्या, उज्ज्वल निकमांनी सरकारी वकील म्हणून सुरुवात इथूनच केली. कोर्ट लहान म्हणून माणूस लहान राहत नाही. पण ज्येष्ठाच्या सावलीत कायमचा राहिलेला ज्युनिअर मी पाहिलाय, वय पंचेचाळीस, हातात अजून मुदतीचा अर्ज.

त्यांना सरळ विचारा: वकालतनाम्यावर माझं नाव असेल ना? साक्षी मी घेणार की तुम्ही? महिन्याला किमान किती? माझी स्वतःची कामं आली तर त्यातला वाटा ऑफिसला द्यायचा का, आणि किती? खंडपीठात अपील गेलं तर तिथे मी उभा राहू शकतो का? तुमची स्वतःची मुलगी किंवा मुलगा पुण्यात लॉ करत नाही ना? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटेल, पण तो विचारा. तीन-चार वर्षांनी घरचं माणूस सनद (वकिलीचा परवाना) घेऊन आलं की ऑफिसची खुर्ची कुणाची, हे आत्ताच कळलेलं बरं. उत्तरं तोंडी मिळतील, कागदावर मागितलीत तर इथे लोक दुखावतात. मी मधला मार्ग काढला. भेटून आल्यावर साधं पत्र लिहिलं, ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मला असं समजलं’, आणि खाली मुद्दे. त्यांनी ‘बरोबर’ म्हणून उत्तर दिलं. तेवढं पुरलं.

त्यांना विचारायच्या आधी एक गोष्ट त्यांना न सांगता करा. ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. त्यांच्या वीस-पंचवीस दिवाणी दाव्यांचे रोजनामे उघडून बघा. किती दावे साक्षीपर्यंत पोचले? किती तारखा त्यांच्याच मुदतीच्या अर्जाने पडल्या? साक्ष झाली त्या दिवशी किती वेळ चालली, एका बैठकीत संपली की पाच तारखांना तुकड्यांनी? तुम्ही सात वर्षं ड्यू डिलिजन्स, म्हणजे आधीची बारीक छाननी, केलीत, ती इथे स्वतःसाठी करा. ज्या ऑफिसातल्या दाव्यांत साक्षी होतच नाहीत, तिथे तुम्ही शिवणं शिकणार नाही.

मग दोन आठवडे रजा टाकून जळगावात या आणि वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसा. ओळख काढून बसू नका, अनोळखी बसा. दोन-तीन वेळा ‘साहेबांना वेळ नाही, पुढची तारीख’ ऐकून उठून जावंसं वाटेल. बसून राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादी चांगली उलटतपासणी ऐकायला मिळेल. ती ऐकताना पोटात काही हललं नाही, तर फर्ममध्येच राहा. त्यात कमीपणा नाही, मुंबईच्या कामातही जन्म जाऊ शकतो.

फर्म सोडताना एक काळजी. तुमच्या फर्मने विमा कंपन्या आणि बँकांची कामं केली असणार. जळगावात त्याच कंपन्या आणि बँका समोर असतील. ज्या प्रकरणात तुम्ही सल्ला दिलाय किंवा कागद तयार केलेत, त्यात समोरच्या बाजूने उभं राहता येत नाही, बार कौन्सिलचा नियम स्पष्ट आहे. तुमच्या जुन्या प्रकरणांची यादी करा: फक्त पक्षांची नावं, आतला एकही कागद नको. ती नव्या ऑफिसला द्या आणि फर्मच्या भागीदारांना सांगून निघा. नोटीस पिरियड पूर्ण करा, हँडओव्हर नीट द्या. मी हे नीट केलं होतं, त्यामुळे माझ्या जुन्या फर्मने पुढे जळगाव-धुळ्यातली स्थानिक कामं मला पाठवली. पहिल्या दोन वर्षांत घर त्यावर चाललं, खोटं कशाला बोलू. सनद बदलायची गरज नाही, महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिल एकच. फक्त जिल्हा वकील संघाचं सभासदत्व लगेच घ्या, बसायला टेबल मिळवणं हा वेगळाच दावा आहे.

परतीच्या दाराबद्दल प्रामाणिकपणे सांगते. दोन वर्षांत परत गेलात तर फर्म घेईल, कदाचित ‘ट्रायलचा अनुभव’ म्हणून थोडी किंमतही देईल. पाच वर्षांनी त्या पायरीवर कुणी घेणार नाही, तुमच्यापेक्षा लहान माणसं तिथे भागीदार झालेली असतील. पण तोवर दुसरं दार उघडतं, खंडपीठाचं. ते १९८१ पासून आहे, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच्याखाली येतात, आणि खालच्या कोर्टात स्वतः साक्ष घेतलेला वकील जेव्हा वर रिट मांडतो तेव्हा न्यायमूर्तींच्या प्रश्नाला कागद न चाळता उत्तर देतो. अजिंठ्याच्या घाटातून सकाळी निघून कामकाजाला पोचायची सवय मात्र करावी लागेल, आणि पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही.

मी बाई आहे म्हणून काही वेगळं भोगलं, ते तुमच्या वाट्याला येणार नाही, म्हणून लांबवत नाही. पहिलं वर्षभर पक्षकार ऑफिसात येऊन मलाच विचारायचे, ‘साहेब कधी येतील?’ तुम्हाला ते साहेबच समजतील. तुमचा त्रास वेगळा असेल: नातेवाईक. चोपडा तालुक्यातला प्रत्येक काका-मामा-मेहुणा बांधाचं भांडण घेऊन येईल, फी विचारायची सोय नाही, आणि समोरची पार्टीही तुमच्या आत्याच्या सासरची असेल. माझा नियम असा: नात्यातल्या माणसाला सल्ला फुकट, दावा नाही. दावा असेल तर मी दुसऱ्या वकिलाचं नाव देते. सुरुवातीला लोक रुसले. आता तेच सांगतात, मॅडम नात्यात पडत नाहीत.

राहिला चोपड्याहून ये-जा करण्याचा प्रश्न. पहिली दोन वर्षं नको. कोर्ट संध्याकाळी सुटतं, पण खरं ऑफिस त्यानंतर सुरू होतं. यावलचा, जामनेरचा, पाचोऱ्याचा माणूस दिवसभर तारखेला थांबून सात वाजता वकिलासमोर बसतो, तेव्हाच खरी हकिकत सांगतो, जी त्याने दुपारी कारकुनाला सांगितलेली नसते. शेवटच्या बसकडे डोळे लावून बसलेल्या वकिलाला ती ऐकू येत नाही. जळगावात एक खोली घ्या, शनिवारी रात्री घरी जा. रविवारी उशिरापर्यंत झोपायचा बेत मात्र करू नका. सकाळी आठला ओट्यावर दोघं-तिघं बसलेले असतील, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या, आत घड्या घालून घालून फाटलेले सातबारे, आणि वडील आतून तुम्हाला हाक मारत असतील.